बुधवार आणि शुक्रवारच्या मध्ये

रीस घरात आला, बॅग दाराशी टाकली आणि बूट न काढता सरळ फ्रिजपाशी जाऊन तिथल्या वेळापत्रकासमोर पेन धरून उभा राहिला. हे नेहमीचंच. सामना खेळून आला की आधी त्या तारखेवर फुली, मग पाणी, मग पोरीला उचलणं, मग बायको. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी टेगन या क्रमावरून भांडली होती. आता तीच त्या फुलीची वाट बघायची. फुली पडली की माणूस त्या सामन्यातून पुरता घरी आला. आज मात्र पेन हवेतच राहिलं. "टेग," तो म्हणाला, "बुधवारी काय होतं गं?" बुधवारचा चौकोन त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता, मरून रंगाने गच्च भरलेला. बुधवार म्हणजे काल. काल ब्रिस्बेनला पन्नास हजार माणसांसमोर तो आपल्या राज्याच्या, क्वीन्सलँडच्या मरून जर्सीत ऐंशी मिनिटं रग्बी खेळला होता आणि आज सकाळच्या विमानाने आपल्या गावी, मकायला परतला होता. टेगनच्या हातातला चमचा पिप्पाच्या तोंडासमोर थांबला. पिप्पाने तोंड उघडं ठेवून वाट पाहिली आणि मग चिडून ट्रेवर थाप मारली. रीस वळला. हसला. "गंमत केली गं. चेहरा बघ तुझा." मग त्याने फुली मारली, बरोबर त्याच चौकोनात, जरा जास्तच दाबून. कागदाला बारीक भोक पडलं.

गंमत. टेगनने चमचा पिप्पाच्या तोंडात घातला, भोपळा हनुवटीवर ओघळला तो पुसला, आणि सगळा वेळ तिला कालचं त्रेसष्टावं मिनिट दिसत राहिलं. टीव्हीवर ते कुणाला दिसलं नसावं. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला होता, कॅमेरा त्याच्यामागे गेला होता, आणि पडद्याच्या अगदी कडेला, टकरीत आडवा झालेला रीस उठत होता. आधी डावा हात गवतावर टेकला, मग गुडघा, मग तो उभा राहिला आणि चार पावलं चालत समोरच्या संघाच्या, न्यू साउथ वेल्सच्या निळ्या रांगेत जाऊन थांबला. क्षणभरच. त्यांच्यातल्याच एकाने त्याला खांद्याला धरून हसत वळवलं. लोकांना वाटलं असेल, चेष्टा चाललीय. टेगनला तसं वाटलं नाही. पिप्पा होण्याआधी सहा वर्षं ती इस्पितळात स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघाताचा झटका आलेल्या, डोक्याला मार लागलेल्या माणसांना कपाला कप म्हणायला परत शिकवायची. ती माणसंसुद्धा हसायची. उत्तर सापडलं नाही की आधी हसायची.

वेळापत्रक तीच बनवायची. दरवर्षी लीगच्या तारखा जाहीर झाल्या की मोठ्या कागदावर चौकोन आखायचे आणि रंग भरायचे. निळा क्लबचा, मरून राज्याचा, हिरवा देशाचा. पिवळा चौथा. पहिल्या वर्षी तिने रंगांची यादी खाली कोपऱ्यात लिहिली तेव्हा पिवळ्यापुढे काय लिहावं सुचेना, म्हणून रीसनेच पेन घेऊन लिहिलं होतं, "काही नाही." मार्चमध्ये दोन पिवळे चौकोन होते, दोघं समुद्रावर जाऊन वाळूत नुसते झोपले होते. तेव्हापासून दर नव्या तक्त्यावर तो दोन शब्द स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहायचा. मे संपला की मात्र पिवळं काही उरायचं नाही. राज्यांचे तीन सामने तीन बुधवारी, आणि क्लबचे सामने त्यांच्या अल्याड-पल्याड तसेच चालू. बुधवारी राज्यासाठी अंग मोडून घ्यायचं आणि शुक्रवारी क्लबसाठी परत उभं राहायचं. उभं राहणं हाच तिथला शब्द होता. उभा राहिला का? राहिला. बस, यापुढे माणसाबद्दल काही विचारायचं कारण नसे. उद्या शुक्रवार होता. निळा. संध्याकाळी सहा, घरचं मैदान.

आणि हे सगळं बदलावं असा मसुदा तिच्या संगणकात पडून होता. रीस क्लबातल्या खेळाडूंचा प्रतिनिधी. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक नव्याने बांधायचं म्हणून लीगने सगळ्या क्लबांच्या प्रतिनिधींकडून सूचना मागवल्या होत्या आणि येत्या सोमवारी बैठक होती. लिहिलं होतं टेगनने, पिप्पाच्या दुपारच्या झोपांमध्ये, महिनाभर. राज्यांचे सामने बुधवारी नकोत, शनिवार-रविवारी हवेत. त्या आठवड्यात सगळे क्लब बंद. हंगामातले क्लबचे तीन सामने कमी करायचे. राज्याचा सामना खेळलेल्याला नऊ दिवसांच्या आत क्लबने मैदानात उतरवायचं नाही. घरचे सामने गेले तर तिकिटं बुडतात म्हणून क्लब ओरडणार, बुधवार गेला म्हणून टीव्हीवाले ओरडणार, हे धरून तिने त्यांनाही उत्तरं लिहिली होती. एक वाक्य तिला फार आवडलं होतं. 'मांडी दोन दिवसांत सावरली की नाही हे फिजिओ दाबून सांगतो. डोकं सावरलं की नाही हे खेळाडूला विचारावं लागतं, आणि खेळाडू खोटं सांगतो.' रीसने शेवटच्या तीन शब्दांवर बोट ठेवलं होतं. "हे काढ." तिने काढलं. काढताना तिला जानेवारी आठवला नव्हता. किंवा आठवला होता आणि तिने तो बाजूला सारला होता. आता काहीच नक्की सांगता येईना.

दुपारी केव आला, रीसचा बाप. मागच्या दारानेच आला, हातात खिमा भरलेल्या मीट पायची पिशवी. साखर कारखान्याच्या पलीकडे त्याची उसाची शेती होती. गाळप सुरू झाल्यापासून त्याच्या कपड्यांना मळीचा आंबूस-गोड वास यायचा. त्यानेही एके काळी हीच मरून जर्सी घातली होती. "काय राजे," तो रीसला म्हणाला, "कालचा तो शेवटचा टॅकल टॅकल होता की मिठी? तुझ्या आईनंसुद्धा पाडला असता त्याला." रीस म्हणाला, "आईनं तुम्हाला पाडलं, तेवढं पुरे नाही का?" दोघं हसले. टेगनने चहा ठेवला. "केव, साखर?" "दोन." मग त्याने मसुद्याचा विषय काढला, कारण क्लबात आता सगळ्यांना ठाऊक होतं. "शनिवारी राज्याचा सामना म्हणे! अगं पोरी, बुधवार म्हणजे बुधवार. आख्खं क्वीन्सलँड बुधवारी लवकर जेवतं. ते काय तुझ्या झोपेच्या वेळा बघून ठरवायचं?" "माझ्या नाही, ह्याच्या." "आम्ही बुधवारी खेळायचो, गुरुवारी ऊस तोडायचो आणि शुक्रवारी—" "उभे राहायचे," टेगन म्हणाली. "उभे राहायचो!" केवने टेबलावर थाप मारली. चौऱ्याऐंशी सालच्या एका सामन्याचा मिनिटामिनिटाचा हिशेब सांगितला, कुणी कुणाला चेंडू दिला, पाऊस कधी आला, पंचाची मिशी कशी होती. सांगता सांगता त्याने कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली, परत दोन घातली. रीस खिडकीबाहेर बघत होता. घरात यावर कुणी काही म्हणायचं नाही. 'बाबांना गोड आवडतं,' एवढंच म्हणायचे.

तीन वाजता रीस क्लबात तपासणीला गेला, आणि तो गेल्यावर घर इतकं शांत झालं की जानेवारी सरळ आत आला. बाहेर चाळीस अंशांचं ऊन, हे दोघं व्हरांड्यात, पिप्पा पाण्याच्या टबात. हंगामाच्या आधी प्रत्येक खेळाडूची डोक्याची चाचणी होते: दहा शब्द ऐकायचे, दहा मिनिटांनी सांगायचे, पडद्यावर दिवा लागला की बटण दाबायचं. तो झाला त्या माणसाचा पाया. पुढे हंगामात मार बसला की तीच चाचणी परत घेतात आणि पायाशी ताडून बघतात; घसरला असेल तर अकरा दिवस बाकावर. हा लीगचा नियम, आणि त्या नियमावर सगळ्या क्लबांतल्या सगळ्या पोरांनी काढलेला तोडगा असा, की पायाच खाली घालून ठेवायचा. आदल्या वर्षी त्यांच्या संघातला टायरन अकरा दिवस बाहेर बसला, राज्याचा सामना हुकला, त्याच्या जागी आलेला टिकला आणि टायरन आता ट्रक चालवत होता. "मला जमत नाही गं खोटं," रीस म्हणाला होता, "मी कमी सांगायला गेलो की चारच सांगेन, पकडतील." आणि टेगन हसली होती. ती थंड बिअर, ते ऊन, आपल्या शिक्षणाचा नवऱ्याला उपयोग होतोय याचा तो मूर्ख आनंद. "चार नाही, सात सांगायचे. आणि गाळायचे कुठले, तर मधले. पहिले तीन आणि शेवटचे तीन कुणालाही आठवतात. मधले गेले तर डॉक्टरला ते खरं वाटतं. बटण दाबताना मनात 'एक' म्हणायचं, मग दाबायचं." त्याला दहाच्या दहा यायचे. उलट्या क्रमानेसुद्धा यायचे. हुशार होता तो, फक्त कुणी त्याला तसं म्हटलं नव्हतं. तिने त्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं. बादली, मध, खिडकी, चाबूक, लिंबू, दोरी, पाव, घंटा, मोजा, नदी. दर वेळी तो सहज, सुंदर विसरायचा, मधले लिंबू, दोरी आणि पाव. कपाळाला आठी घालून, 'काय बरं होतं' म्हणत. "काय नट आहेस रे," ती म्हणाली होती, आणि टबातलं पाणी त्याच्यावर उडवलं होतं.

तो पाचच्या आत परतला. "उभा राहतोय," दारातूनच म्हणाला. "डॉकने सही केली. जानेवारीत सात, आज सात. बटणसुद्धा तेवढंच." टेगन भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. "रीस, काल तू त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलास." "कधी?" "त्रेसष्टाव्या मिनिटाला." "अगं, ती चेष्टा होती. त्यांचा तो लंबू कायम काहीतरी बोलतो मला." "काय बोलला?" त्याने चिरलेल्या भाजीतला एक तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाला, "तू बायको आहेस का पंच?" ती म्हणाली, "बस इथे." त्याला खुर्चीत बसवलं, समोर बसली, आणि व्हरांड्यातले नाही, नवे दहा शब्द सांगितले, हळूहळू, एकेक, इस्पितळात सांगायची तसे. पिप्पाला आंघोळ घातली, टॉवेलात गुंडाळून आणली, दहा मिनिटं झाली. "आता सांग. आणि हे बघ, इथे डॉक नाही, क्लब नाही. सगळे सांग. एकही विसरू नकोस." तो तिच्याकडे बघून हसला. पहिले तीन सांगितले. मग कपाळाला आठी घातली, तीच, जानेवारीची. "काय बरं होतं..." चौथा सांगितला. मग शेवटचे तीन. सात. मधले तीन नाहीत. "रीस, खरे सांग." "खरेच सांगतोय." "पाचवा कुठला?" "टेग, मला..." त्याच्या चेहऱ्यावरची आठी गेली नाही, पण तिच्यातला खेळ गेला. "मला कळत नाहीये, की मी विसरलोय की विसरून दाखवतोय. सवय लागली बघ." आणि मग तो हसला, आधी हसला, उत्तर न सापडलेल्या माणसांसारखा. पिप्पा टॉवेलातून त्याचा कान ओढत होती. तिचा हात सोडवून घ्यायचंही त्याला सुचत नव्हतं.

"उद्या नको उभा राहूस," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी," तो म्हणाला, आणि तिच्या मसुद्यातली वाक्यं तिलाच ऐकवू लागला, नऊ दिवस, बंद क्लब, शनिवार. "पुढच्या वर्षी सगळं होणार आहे. तूच लिहिलंयस. पण सोमवारी त्या बैठकीत मी बोलायचं तर मी शुक्रवारी उभा राहिलेला असलो पाहिजे. नाहीतर म्हणतील, दमला म्हणून सुट्टी मागतोय. तुला कळत कसं नाही?" तिला कळत होतं. तेच तर होतं. विश्रांती मागायचा हक्क ज्याने कधी विश्रांती घेतली नाही त्यालाच, आणि तो मागायला जाईपर्यंत त्याचं काय उरणार. तिचा आवाज चढला, पिप्पा रडायला लागली, रीसने कानांवर हात ठेवले. आवाज सहन होत नव्हता त्याला. दोन्ही तळहात, घट्ट. ते तिने पाहिलं, आणि पाहिलंय हे त्याने पाहिलं, आणि हात खाली घेतले.

शुक्रवारी दोन वाजता तो मैदानावर गेला. साडेतीनला टेगनने पिप्पाला केवकडे सोडलं आणि गाडी वळवली. कारखान्याजवळच्या फाटकावर लाल दिवे लुकलुकू लागले आणि उसाची छोटी आगगाडी आली, जाळीचे डबे, डब्यांमागून डबे, कांड्या बाहेर लोंबणाऱ्या. मोजू नये असं वाटत असतानाच ती मोजत होती. सांगितलं तर काय, हेही ती तसंच मोजत होती. सांगितलं तर अकरा दिवस. नाही, जास्तच; खोटा पाया म्हणजे चौकशी. राज्याचा तिसरा सामना गेला. सोमवारची बैठक गेली. ज्या प्रतिनिधीने स्वतःच चाचणीत लबाडी केली त्याच्या मसुद्याला कोण हात लावणार, बुधवार तसाच राहणार, इतर सगळ्यांचे नवरेही तसेच उभे राहणार. महिनाभराच्या दुपारी गेल्या. आणि रीस. तो तिच्याशी परत बोलेल का? नाही सांगितलं तर सहा वाजतील. डबे संपेनात. मागच्या गाडीवाल्याने फाटक बंद असतानाच हॉर्न वाजवला. तिने आरशात पाहिलं. तिचे ओठ हलत होते. बादली, मध, खिडकी, चाबूक, लिंबू. ती स्वतःला तपासत होती.

डॉक्टर ट्रेंबाथ स्टँडखालच्या खोलीत पट्ट्यांची खोकी लावत होती, पन्नाशीची, मनगटावर दोन घड्याळं, एक साधं आणि एक सामन्याचं. "टेगन! पोरगी कुठे सोडलीस?" टेगनने दार लावून घेतलं. "डॉक, जानेवारीतली चाचणी खोटी आहे." डॉक्टरने हातातलं खोकं ठेवलं नाही. "कुणाची?" "रीसची. मी शिकवलं त्याला. कुठले शब्द गाळायचे ते. बटण कधी दाबायचं ते. मी." "तू." "हो." डॉक्टर खोक्यावरच बसली. वर स्टँडमध्ये कुणीतरी दुमडलेल्या खुर्च्या खाली पाडत होतं, धाड, धाड. "खरे किती यायचे त्याला?" "दहा. उलटेसुद्धा." "आणि काल?" "काल घरी सातच आले. मी खरे सांग म्हटलं तरी." "म्हणजे काल माझ्यासमोरचे सात..." "मला माहीत नाही," टेगन म्हणाली. "त्यालाही माहीत नाही." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं ते वाक्य बाहेर पडलं तशी ती भिंतीला टेकली. डॉक्टरने तिला पाणी दिलं नाही, धीर दिला नाही. "तू शिकलेली बाई आहेस," एवढंच म्हणाली, रागाने नाही, दमून. मग उठली. "आता ह्याचं काय घसरलं ते मोजायला माझ्याकडे काहीही नाही. कळतंय का तुला? ते जानेवारीतच गेलं." "कळतंय." "मी त्याला काढतेय आजच्या यादीतून. कुणी सांगितलं ते नाही सांगणार." "सांगा," टेगन म्हणाली. "माझं नाव सांगा."

ती घरी आली तेव्हा अजून ऊन होतं. पिप्पा केवकडेच होती. टेगनने खणातून रंगीत पेन्सिली काढल्या आणि फ्रिजसमोर उभी राहिली. आधी आजचा निळा चौकोन पिवळा करून पाहिला. निळ्यावर पिवळा बसेना, शेवाळासारखा गढूळ रंग झाला. तो सोडून दिला. मग उद्याचा. परवाचा. सरावाचे म्हणून कोरे सोडलेले होते ते स्वच्छ पिवळे झाले, पुढच्या शुक्रवारचा पुन्हा गढूळ, मग परत पिवळे. अकरा दिवसांवर ती थांबली नाही. महिन्याच्या शेवटापर्यंत भरत गेली, मरून चौकोनावरही घासत गेली, रंग संपून लाकूड कागदावर करकरू लागलं तरी. जुलैमध्ये या घरात पिवळं कधीच नव्हतं. मसुद्यातल्या पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये चौदा होते. तिने ते तेव्हा एकेक करून मोजले होते, सणाचे दिवस मोजावेत तसे.

पाचच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. सामन्याच्या दिवशी या वेळी तो कधी घरी नसायचा. पायऱ्या वाजल्या, जड, एक सोडून एक नाही, सगळ्या. दार उघडलं. बॅग पडली. तो ओरडेल, म्हणून ती टेबलाची कड धरून उभी होती. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिने सगळं तयार करून ठेवलं होतं, काय काय ऐकून घ्यायचं ते. तो तिच्याकडे न बघताच पुढे गेला. बूट न काढता. फ्रिजपाशी थांबला. पेन हातात घेतलं आणि त्याचं टोक कागदावर चौकोनाचौकोनाने फिरवलं, गढूळ हिरव्यावरून उद्याच्या शनिवारवर, आणि तिथे ते थांबलं. खाली कोपऱ्यात त्याचंच गिचमिड अक्षर होतं.

"टेग," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "हे पिवळं काय असतं गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. पाठमोरा होता, मान, कानामागची टाक्यांची जुनी खूण, पेन धरलेला हात. टोमणा असेल. टोमणाच असेल, आज त्याला हक्क होता. त्याने वळावं, हसावं, चेहरा बघ तुझा म्हणावं. दूर मैदानाकडून लाऊडस्पीकरवर संघातल्या खेळाडूंची नावं ऐकू येऊ लागली, एकेक, तेराच्या तेरा.

"काही नाही," ती म्हणाली.

"अच्छा," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला. त्याने आता गंमत केली म्हणावं, म्हणून ती वाट बघत राहिली.